कॉफीशॉपमधले गाणे कोणाच्या आवडीचे?

संगीताची आवड ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, तिच्यात राजकारण आणू नका, असा उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. हा उपदेश बहुधा तेच लोक करतात ज्यांची आवड आधीच सगळीकडे वाजत असते. आम्हाला तो मान्य नाही. का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही या वेळी मुद्दाम एक लांबचे आणि वरवर पाहता बिनमहत्त्वाचे उदाहरण घेत आहोत. नेदरलँड्समध्ये गांजा आणि चरस विकणारी जी कॉफीशॉप्स आहेत, तिथे गिऱ्हाईक बसलेले असताना मागे कोणते संगीत वाजावे?

हसू नका. या प्रश्नावर आमच्यात एका रात्री तीन तास वाद झाला आहे. आमच्यापैकी काहीजण शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने तिकडे राहतात, काहीजण फिरून आले आहेत, आणि बाकीच्यांनी तिकडे पाऊल न टाकताही मत देण्याचा आपला राष्ट्रीय हक्क बजावला. एकाचे म्हणणे, कॉफीशॉप म्हटले की रेगे पाहिजेच, रेगे नसलेले कॉफीशॉप म्हणजे डोसा न मिळणारे उडप्याचे हॉटेल. दुसऱ्याचे म्हणणे, रेगे ऐकून ऐकून कान किटले, त्यापेक्षा पिंक फ्लॉइड लावा, हेंड्रिक्स लावा. तिसरा हिप-हॉपवाला. एकीला ट्रान्स हवे. एकाचे म्हणणे, स्पीकरच बंद करा, माणसांना बोलू द्या. इथवर सगळी गंमत होती. मग कोणीतरी तिथल्या एका दुकानदाराचे वाक्य सांगितले. तो म्हणाला होता, "हिप-हॉप लावले की नको ते गिऱ्हाईक येऊन बसते." त्यानंतर वादाचा सूर बदलला, आणि हा लेख त्या बदललेल्या सुरातून आलेला आहे.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. आम्ही नशेचे समर्थन करण्यासाठी लिहीत नाही. पंचशीलातले पाचवे शील आम्हाला ठाऊक आहे आणि नशेने आपल्या वस्त्यांमधल्या घरांचे काय केले हेही ठाऊक आहे. पण एखादी गोष्ट आपण करीत नाही म्हणून तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या समाजव्यवहाराचा अभ्यासही करायचा नाही, असे होत नाही. दारू न पिणाऱ्याने दारूबंदीच्या कायद्यावर बोलू नये काय?

तर आधी हा व्यवहार काय आहे तो पाहू. नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर आहे असा समज आपल्याकडे पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. १९७६ साली तिथल्या अफू कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक अमली पदार्थ व गांजा-चरस यांच्यात भेद करण्यात आला. गांजा बेकायदेशीरच राहिला, पण ठरावीक अटी पाळल्या तर सरकार डोळेझाक करते. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून जास्त विकायचे नाही, १८ वर्षांखालच्यांना आत घ्यायचे नाही, दारू ठेवायची नाही, दुकानात ५०० ग्रॅमहून जास्त साठा नको, जाहिरात करायची नाही आणि शेजाऱ्यांना उपद्रव द्यायचा नाही. गंमत अशी की दुकानाच्या पुढच्या दाराने विकायला मोकळीक, पण तो माल मागच्या दाराने येतो कुठून हे विचारायचे नाही, कारण तो पिकवणे आणि पुरवणे हा गुन्हाच. अलीकडे १० नगरपालिकांमध्ये सरकारमान्य पिकाचा प्रयोग सुरू झाला आहे, ते सोडा.

या अटींमधल्या शेवटच्या दोन आपल्या विषयाच्या आहेत. जाहिरात करता येत नाही, मग दुकान आपली ओळख कशाने सांगणार? रंगाने आणि गाण्याने. दार उघडले की जे कानावर येते तीच पाटी. आणि आवाज फार वाढला, शेजाऱ्याने उपद्रवाची तक्रार केली, तर परवान्यावर गदा. म्हणून संगीत हवेच, पण बेताचे. पार्श्वसंगीत म्हणून ज्याला आपण हलक्यात काढतो त्याच्यामागे असा रोकडा हिशोब असतो.

आता इतिहासातली एक गोष्ट सांगतो, जी आमच्या वादात कोणालाच आधी सुचली नव्हती. १९६८ साली ॲमस्टरडॅममधल्या एका जुन्या प्रार्थनाघरात पॅराडिसो नावाचे तरुणांचे केंद्र उघडले. १९७० मध्ये दुधाच्या जुन्या कारखान्यात मेल्कवेख सुरू झाले. दोन्ही जागा मुळात संगीताच्या. तिथे चरस विकणारा घरचा विक्रेता असे आणि व्यवस्थापन व पोलीस त्याच्याकडे दुर्लक्ष करीत. म्हणजे आधी लोक गाणे ऐकायला जात आणि गांजा मागे होता. त्याच काळात मेलो यलो नावाचे चहाचे दुकान निघाले, जे पहिल्या कॉफीशॉप्सपैकी एक मानले जाते, आणि त्याचे नावसुद्धा डोनोव्हनच्या १९६६ सालच्या गाण्यावरून घेतलेले. पुढे धंदा वाढला. १९७५ साली बुलडॉग निघाले, आणि १९८५ मध्ये त्याच बुलडॉगने एका मोठ्या चौकातल्या जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीतच दुकान थाटले. या प्रवासात क्रम उलटा झाला. गांजा पुढे आला आणि गाणे मागे गेले. मेलो यलो २०१७ च्या पहिल्या दिवशी बंद पडले, कारण २५० मीटरच्या आत केशकर्तन शिकवणारी शाळा होती.

गाणे मागे गेले म्हणून त्याचा परिणाम संपला असे मात्र समजू नका. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८२ मध्ये दाखवले की किराणा दुकानात संथ लयीचे संगीत लावले तर गिऱ्हाईक सावकाश चालते आणि जास्त खरेदी करते. १९८६ मध्ये त्याने हाच प्रकार रेस्टॉरंटमध्ये तपासला, तिथे संथ संगीताने लोक जास्त वेळ बसले आणि पेयांवर जास्त खर्च करून उठले. गांजाच्या बाबतीत तर याहून खोल गोष्ट आहे. हॉवर्ड बेकर हा समाजशास्त्रज्ञ शिकागोच्या क्लबांमध्ये पियानो वाजवायचा. १९५३ सालच्या त्याच्या गाजलेल्या निबंधात त्याने म्हटले की गांजा ओढणाऱ्याला पहिल्यांदा काही जाणवेलच असे नाही. काय जाणवते ते ओळखायला आणि त्यात सुख मानायला तो आजूबाजूच्या माणसांकडून शिकतो. मग ती आजूबाजू घडवण्यात गाण्याचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

आता रेगेकडे येऊ. इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

आमच्या रेगेवाल्या मित्राचे म्हणणे असे की रेगे हे गुलामांच्या वंशजांचे संगीत आहे, म्हणून ते आपले आहे, म्हणून ते कॉफीशॉपमध्ये वाजताना त्याला घरी आल्यासारखे वाटते. पहिले विधान खरे आहे. दुसरे भावनेने खरे आहे. तिसऱ्यावर आमचा आक्षेप आहे.

रास्ताफारी पंथ जमैकात १९३० च्या दशकात उभा राहिला. लेनर्ड हॉवेल हा त्याचा आद्य प्रचारक. ब्रिटिश राजाला मानू नका, इथियोपियाचा सम्राट हा आपला राजा, असे सांगितल्याबद्दल १९३४ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि तो तुरुंगात गेला. त्याने आपली पुस्तिका लिहिताना घेतलेले टोपणनाव पाहा : गांगुंगुरू मराघ. त्यात गुरू आणि महाराज हे शब्द ओळखू येतात ना? ते आले कुठून? १८४५ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. गंगेच्या मैदानातली भुकेकंगाल माणसे या जहाजांत चढली, त्यांत खालच्या मानलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्याबरोबर गांजा गेला आणि गांजा हा शब्दही गेला. आज किंग्स्टनपासून ॲमस्टरडॅमपर्यंत रेगे गाण्यात जो शब्द ऐकू येतो तो आपल्याकडच्या बोलींमधला आहे. गुलामांचे वंशज आणि गिरमिटिये एकाच मळ्यात राबले, त्या सहवासातून हे घडले.

हॉवेलने १९४० मध्ये पिनॅकल नावाची वसाहत वसवली. पोलिसांनी तिच्यावर वारंवार धाडी घातल्या आणि १९५४ मध्ये ती उद्ध्वस्त केली. निमित्त गांजाचे होते. १९६३ मध्ये कोरल गार्डन्सच्या प्रकरणात मूठभरांच्या हिंसेचा सूड म्हणून सरसकट रास्ता लोकांना पकडले, मारले, त्यांच्या जटा कापल्या. जमैकाच्या पंतप्रधानाने त्याबद्दल माफी मागायला २०१७ साल उजाडले. थोडा गांजा जवळ बाळगणे हा तिथे फौजदारी गुन्हा राहिला नाही तो २०१५ पासून. ज्या काळात ॲमस्टरडॅममध्ये गोरा पर्यटक पोलीस ठाण्याच्या जुन्या इमारतीत बसून सुखाने धूर काढत होता, त्या सबंध काळात जमैकातला रास्ता त्याच वस्तूसाठी कोठडीत जात होता. (आपल्याकडे वेगळे काय आहे? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने आणि बिया वगळल्या आहेत, म्हणून होळीची भांग सात्त्विक आणि नाक्यावरची चिलीम गुन्हा. पोलीस चिलीम कोणाच्या हातात शोधतात हे सांगायला नको.)

रेगे या सगळ्यातून निघालेले आहे. आणि ते कॉफीशॉपमध्ये पोहोचेपर्यंत त्याचे काय झाले? बॉब मार्ले ११ मे १९८१ रोजी गेला. १९८४ मध्ये त्याच्या कंपनीने 'लेजंड' हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला. तो काढताना बाजाराची पाहणी केली गेली आणि मोठ्या गोऱ्या ग्राहकवर्गाला पचेल असा मार्ले पुढे करण्यात आला. प्रेमाचा, सूर्यप्रकाशाचा, चिंता नसलेला मार्ले. बंडाचे सूर त्यात अगदीच नाहीत असे नाही, पण मोजके आहेत. हा संग्रह रेगेच्या इतिहासात सर्वांत जास्त विकला गेला. आम्ही पाहिलेल्या पर्यटनभागातल्या दुकानांमध्ये रेगे म्हणून जे वाजते ते बहुतेक या संग्रहाच्या परिघातले असते. भिंतीवर हिरवा-पिवळा-लाल रंग, कोपऱ्यात सिंह, आणि गुलामगिरीवरचे गाणे चालू असताना टेबलावर कोणी तरी केकच्या चवीबद्दल बोलत असते.

त्या पर्यटकाला आम्ही दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही. पण आमच्या मित्राला विचारावेसे वाटते, तुला घरी आल्यासारखे वाटले ते कशामुळे? गाणे समजल्यामुळे, की गाण्याचा चेहरा काळा असल्यामुळे? मार्लेचे चित्र असलेला टी-शर्ट आपल्याकडे औरंगाबादपासून नागपूरपर्यंत कितीतरी पोरांच्या अंगावर दिसतो. त्यांच्यापैकी कितीजणांनी हॉवेलचे नाव ऐकले आहे? ज्यांना स्वतःच्या समाजाच्या जलशांचा इतिहास माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. चळवळीच्या गाण्याचा ठेका तेवढा उचलून घेतला आणि शब्द मागे टाकले की काय उरते ते आपण आपल्या मिरवणुकांमध्येही पाहतो.

आता त्या दुकानदाराच्या वाक्याकडे. "नको ते गिऱ्हाईक" म्हणजे कोण? त्याला खोदून विचारले तर तो म्हणेल, गोंगाट करणारे, तासन्‌तास बसून एकच कोक पिणारे. पण शहरात राहणाऱ्याला लगेच कळते की त्याच्या डोळ्यांपुढे कोणते चेहरे आहेत : मोरोक्कन, सुरीनामी, अँटिलियन पोरे. मोरोक्कोशी डच सरकारने १९६९ मध्ये कामगार आणण्याचा करार केला. सुरीनाम २५ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला आणि त्या सुमारास तिथली फार मोठी लोकसंख्या नेदरलँड्समध्ये आली, त्यातले बरेचसे ॲमस्टरडॅमच्या बेल्मर या टॉवरांच्या वस्तीत. त्यांची नातवंडे आज हिप-हॉप ऐकतात. दारावर 'तुम्हाला प्रवेश नाही' असे लिहिता येत नाही, तो भेदभाव ठरेल. गाणे बदलता येते. जॅझ लावा, मंद इलेक्ट्रॉनिक लावा, काही दिवसांत नको ते गिऱ्हाईक आपणहून दुसरीकडे जाते. पिएर बोर्दिएने १९७९ सालच्या ग्रंथात फ्रेंच समाजाबद्दल हेच दाखवले होते की आवड ही माणसांना वर्गात बसवते आणि ज्याला ती आवड नाही त्याला बाहेर ठेवते. आपल्याला हे समजायला बोर्दिएची गरज नाही. 'हे आपल्या टाइपचे नाही' हे वाक्य आपण पुण्या-मुंबईच्या किती जागी ऐकले आहे!

यात एक विरोधाभास आहे. त्याच दुकानात मेलेल्या काळ्या गायकाचे रेगे चालते आणि जिवंत काळ्या पोराचे रॅप चालत नाही. रेगे आता कोणाला घाबरवत नाही. पन्नास वर्षांनी बहुधा रॅपचेही तेच होईल, आणि तेव्हा ते 'क्लासिक' म्हणून वाजवले जाईल.

काय वाजते यापेक्षा काय वाजत नाही ते पाहणे जास्त शिकवणारे असते. काउंटरवरच्या यादीत मोरोक्कन चरस असते, ती रिफ पर्वतातल्या शेतकऱ्यांची मेहनत, पण त्या डोंगरांतले गाणे आम्ही पाहिलेल्या मध्यवर्ती दुकानांत एकदाही ऐकले नाही. वस्तीतल्या छोट्या दुकानांची गोष्ट वेगळी, तिथे मालक आपल्या मनाचे लावतो. डच कामगारवर्गाची रडवी, गळा काढून गायलेली गाणी, आंद्रे हाझेससारख्यांची, ती बिअरच्या गुत्त्यात वाजतात. कॉफीशॉपवाल्याला ती आपल्या दुकानाच्या शोभेची वाटत नाहीत. म्हणजे गोऱ्यांमधल्या गरिबाचेही गाणे दाराबाहेरच. आणि द हेग शहरात हिंदुस्तानी समाज मोठा आहे. ५ जून १८७३ रोजी लाला रुख हे जहाज पहिले गिरमिटिये घेऊन सुरीनामला पोहोचले, डच गुलामगिरी १८६३ मध्ये कागदावर संपल्यानंतर दहा वर्षांनी. त्यांच्या वंशजांचे बैठक गाना हार्मोनियम, ढोलक आणि धनताल या लोखंडी सळईवर उभे आहे. जगाला गांजा हा शब्द देणाऱ्या गिरमिटियांचे हे संगीत, पण गांजाच्या दुकानात त्याला जागा नाही. ते लग्नात आणि घरगुती बैठकीत राहते.

ट्रान्सवाल्या मैत्रिणीला आम्ही गोव्याची आठवण करून दिली. गोवा ट्रान्स नावाचा एक सबंध प्रकार हणजूणच्या किनाऱ्यावर पाश्चात्त्य प्रवाशांनी घडवला आणि तो युरोपभर गेला. गोव्याचे नाव त्याच्या कपाळावर आहे. कुणबी-गावड्यांचे गाणे, मांडो, दुलपद यांतले त्यात किती आहे? ती म्हणाली, मला नाचायचे असते, वंशावळ तपासायची नसते. हे उत्तर आम्ही फेटाळत नाही. माणसाला नुसते नाचावेसेही वाटते.

मग आमचे म्हणणे काय? रेगे बंद करा असे नाही. ज्याने समजून घेतले त्यानेच ऐकावे असा सोवळेपणाही आम्हाला नको, सोवळ्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. आमचे म्हणणे इतके साधे आहे की ज्यांनी दोघांनी या वादात कधी तोंड उघडले नाही त्यांना आधी विचारा. एक, काउंटरमागे उभा असलेला नोकर. गिऱ्हाईक तासभर बसते, तो आठ तास तीच यादी ऐकतो. मालकाने ठरवलेली चाळीस गाणी दिवसातून तीन वेळा फिरतात. एका दुकानातल्या मुलीने आमच्या मित्राला सांगितले होते की तिला रेगे आवडायचे, नोकरी लागेपर्यंत. गाणे निवडण्याचा पहिला अधिकार तिचा असायला हवा. हा कामाच्या परिस्थितीचा प्रश्न आहे, उजेड आणि हवेइतकाच.

दुसरा, गाणे बनवणारा. नेदरलँड्समध्ये धंद्याच्या जागी संगीत वाजवायचे तर बुमा संस्थेला गीतकार-संगीतकारांसाठी आणि सेना संस्थेला कलावंत व निर्मात्यांसाठी पैसे भरावे लागतात. घरगुती स्पॉटिफाय दुकानात चालवणे करारात बसत नाही. ही व्यवस्था चांगली आहे आणि आपल्याकडच्या कलावंतांनी तिचा अभ्यास करावा. आपल्या शाहिरांची गाणी वर्षानुवर्षे कॅसेटवर, मग सीडीवर, मग मोबाइलवर वाजली, आणि किती शाहीर हलाखीत गेले याची गणती आपण ठेवलेली नाही. दुकानाने पूर्ण अल्बम लावावेत, तेच ते संग्रह नकोत, म्हणजे अनोळखी नावांपर्यंतही चार पैसे पोहोचतील, आणि दोन कडव्यांच्या मध्ये एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावेसे वाटेल की हे कोण गात आहे.

राहिला तो स्पीकर बंद करा म्हणणारा. तीन तासांच्या वादात तो सर्वांत जास्त बोलला. त्याचे म्हणणे असे की संगीत नसेल तरच माणसे एकमेकांशी बोलतात. यावर हिप-हॉपवाला म्हणाला की शांत जागेत कोणाचा आवाज मोठा वाटतो हेही तिथे बसलेलेच ठरवतात, आणि आपण आत गेलो की ती शांतता आपल्याकडे मान वळवून पाहते. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. पण त्याचीही सोय असावी. ॲमस्टरडॅममध्ये दीडशेहून अधिक कॉफीशॉप्स आहेत, कुठेतरी एखादा म्हातारा मालक बुद्धिबळाचा पट मांडून रेडिओ बंद करून बसलेला त्याला सापडेलच.